चुलतभाऊ नव्हेत, मावसभाऊ

प्रश्न : पहिल्या महायुद्धावरच्या एका पुस्तकात वाचलं की इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज, रशियाचा झार निकोलस आणि जर्मनीचा कैसर विल्हेल्म हे चुलतभाऊ होते. तिघांची घराणी वेगळी, मग चुलत कसे? आणि जॉर्ज-निकोलस यांचा एकत्र फोटो पाहिला तर दोघे जुळे वाटतात. (एक वाचक, मिरज)

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे. ते चुलतभाऊ नव्हतेच. इंग्रजीत चुलत, आते, मामे, मावस या सगळ्यांना मिळून ‘कझिन’ हा एकच शब्द, आणि भाषांतर करताना पटकन हाताशी येतो तो ‘चुलत’. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सुरुवातीची काही वर्षं मीही वर्गात चुलतच सांगत होते. मग एकदा मुलांसाठी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे या घराण्यांची वंशावळ काढायला बसले. वडिलांकडून आलेलं नातं निळ्या पेन्सिलीने, आईकडून आलेलं लाल. पूर्ण झाल्यावर पाहिलं, तर या तिघांमध्ये नुसत्या निळ्या रेघेने जुळलेलं एकही नातं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी मध्ये कुणीतरी सासरी गेलेली लेक उभी होती.

सुरुवात डेन्मार्कपासून करू. नववा क्रिश्चन राजा होण्याआधी कुटुंबासह कोपनहेगनच्या ‘पिवळ्या वाड्या’त राहायचा. नाव राजघराण्याचं, पण पैसा बेताचा. ॲलेक्झांड्रा आणि डागमार या त्याच्या मुली पोटमाळ्यावरच्या एकाच खोलीत झोपायच्या आणि आपले कपडे आपणच शिवायच्या. मग १८६३ साल उजाडलं. मार्चमध्ये ॲलेक्झांड्राचं लग्न व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलाशी, एडवर्डशी झालं. त्याच महिन्यात तिच्या सतरा वर्षांच्या भावाला ग्रीसने आपला राजा म्हणून निवडलं. नोव्हेंबरमध्ये वडील स्वतः डेन्मार्कच्या गादीवर बसले. तीन वर्षांनी डागमारला रशियात दिली. ॲलेक्झांड्राचा मुलगा पंचम जॉर्ज आणि डागमारचा मुलगा झार निकोलस. सख्ख्या बहिणींची मुलं, म्हणून तोंडवळा एक.

कैसरची आई व्हिकी ही व्हिक्टोरिया राणीची थोरली लेक, म्हणजे जॉर्जची सख्खी आत्या. म्हणून कैसर हा जॉर्जचा आतेभाऊ. झारची बायको ॲलिक्स हिची आई ॲलिस, तीही व्हिक्टोरियाचीच मुलगी. तेव्हा ॲलिक्स ही जॉर्जची आतेबहीण आणि कैसरची मावसबहीण. शिवाय ॲलिक्सची मोठी बहीण एला हिचं लग्न झारच्या काकाशी झालेलं, त्यामुळे ती झारची काकूही आणि मेहुणीही. हे सांगायला इंग्रजीत प्रत्येक वेळी ‘आईकडून’, ‘वडिलांकडून’ असं जोडावं लागतं. आपल्याकडे आत्या, मावशी म्हटलं की ती बाई नात्यासकट समोर येते. आपल्या भाषेतली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, म्हणूनच भाषांतरात ‘चुलत’ लिहिलेलं दिसलं की मी अजून पेन्सिलीने खोडते.

तुम्ही पाहिलेला फोटो बहुधा मे १९१३ चा, बर्लिनचा असावा. दोघांच्या अंगावर जर्मन गणवेश आहेत का पाहा. राजे एकमेकांच्या पलटणींचे मानद प्रमुख असत आणि पाहुणे म्हणून गेले की यजमानांचा गणवेश घालत. निमित्त होतं कैसरच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाचं. नवरामुलगा अर्न्स्ट ऑगस्ट हा ॲलेक्झांड्रा-डागमारच्या धाकट्या बहिणीचा, थायराचा मुलगा. म्हणजे जॉर्ज, निकोलस आणि नवरदेव असे तीन मावसभाऊ एका मांडवात, आणि मुलीचा बाप जॉर्जचा आतेभाऊ. यानंतर जॉर्ज, निकोलस आणि कैसर हे तिघे पुन्हा कधी एकत्र आले नाहीत. सव्वा वर्षात युद्ध सुरू झालं.

प्रश्न : एवढं जवळचं नातं असताना क्रांतीनंतर झारला इंग्लंडने आसरा का दिला नाही? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : आधी देऊ केला होता. मार्च १९१७ मध्ये झारने गादी सोडली, तेव्हा ब्रिटिश सरकारने त्याला कुटुंबासह येऊ द्यायची तयारी दाखवली. मग स्वतः जॉर्जने आपल्या सचिवाकरवी सरकारकडे आग्रह धरला की ही माणसं इथे नकोत. झार लोकांना जुलमी वाटायचा, झारिना जन्माने जर्मन, आणि जॉर्जला स्वतःच्या गादीची धास्ती. सरकारने पाऊल मागे घेतलं. त्याच वर्षी, १७ जुलै १९१७ रोजी, जॉर्जने घराण्याचं जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतलं. बरोबर एका वर्षाने, १६ जुलै १९१८ ची रात्र उलटल्यावर १७ च्या पहाटे, येकातेरिनबर्गच्या एका घराच्या तळघरात झार, झारिना, चार मुली आणि तेरा वर्षांचा आजारी मुलगा यांना गोळ्या घातल्या गेल्या.

गादीपुढे नातं हरतं हे मी वर्गात शिकवलेलं आहे. तरी त्या पाच मुलांबद्दल जॉर्जला माफ करणं मला जमलेलं नाही. ती त्याच्या आतेबहिणीची आणि मावसभावाची मुलं होती. १९१९ मध्ये त्याने क्रिमियात अडकलेल्या मावशीला, डागमारला, आणायला युद्धनौका पाठवली. ती आली. मुलगा गेला हे तिने मरेपर्यंत उघडपणे मान्य केलं नाही. १९२८ मध्ये ती माहेरी, डेन्मार्कमध्येच वारली.

प्रश्न : आजचे राजेही एकमेकांचे नातेवाईक आहेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हो. ब्रिटन, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि स्पेन या पाचही गाद्यांवर व्हिक्टोरियाचे वंशज आहेत. बेल्जियमच्या घराण्याचं नातं नवव्या क्रिश्चनकडून येतं. पण आता राजघराण्यातच सोयरीक करायची रीत मागे पडली. डेन्मार्कची राणी मेरी ऑस्ट्रेलियाची, स्पेनची लेतिसिया पत्रकार होती, आणि स्वीडनच्या युवराज्ञीने आपल्या व्यायाम प्रशिक्षकाशी लग्न केलं. पुढच्या पिढीची वंशावळ काढायला एवढा मोठा कागद लागायचा नाही.

प्रश्न : राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप नात्यातले होते, हे खरं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : खरं आहे, आणि दोन बाजूंनी. दोघंही व्हिक्टोरियाची खापरपणतवंडं. दुसरीकडून फिलिप नवव्या क्रिश्चनचा पणतू, तर एलिझाबेथ त्याची खापरपणती. फिलिपचे आजोबा म्हणजे सतराव्या वर्षी ग्रीसचा राजा झालेला तोच मुलगा.

पण फिलिपचं एक नातं मला या सगळ्यांत जास्त जवळचं वाटतं. झारिना ॲलिक्सची सर्वांत मोठी बहीण व्हिक्टोरिया, राणी आजीच्याच नावाची. तिची मुलगी ॲलिस, तीही आजीच्याच नावाची, आणि या ॲलिसचा मुलगा फिलिप. म्हणजे झारिना ही फिलिपच्या आईची सख्खी मावशी. फिलिपचे मामा आपल्याला चांगले माहीत आहेत : शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन. झारिना त्यांचीही मावशीच.

१९९१ मध्ये येकातेरिनबर्गजवळच्या जंगलातला एक खड्डा उकरून सांगाडे बाहेर काढले. ते कुणाचे हे ठरवायचं कसं? पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून मुलांकडे येतो. मुलगा तो पुढे देऊ शकत नाही, मुलगी देते. ॲलिक्सला जो तिच्या आईकडून मिळाला, तोच तिच्या बहिणीला, भाचीला आणि भाचीच्या मुलाला. फिलिपने आपल्या रक्ताचा नमुना दिला आणि तो झारिना व तिच्या तीन मुलींच्या हाडांशी जुळला. उरलेल्या दोन मुलांचे अवशेष पुढे २००७ मध्ये सापडले. आधी सापडलेल्यांना त्यापूर्वीच, १७ जुलै १९९८ रोजी, सेंट पीटर्सबर्गच्या चर्चमध्ये पुरलं होतं.

ती बातमी वाचली त्या रात्री मी माळ्यावरून जुनं कॅलेंडर काढलं. ॲलिक्सशी मी थांबले होते, कारण तिचं घर तिथेच संपलं असं मला वाटलं होतं. तिच्या मोठ्या बहिणीपासून ॲलिस आणि ॲलिसपासून फिलिप, एवढी लाल रेघ मी त्या रात्री पुढे नेली.