ऑस्ट्रेलियातला पगार, सुपर आणि टॅक्स : वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीचशी पत्रं ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मुलांबद्दल आहेत. उत्तरांतल्या सगळ्या रकमा ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आहेत.

प्रश्न : मुलगी २३ वर्षांची आहे, मेलबर्नला मास्टर्स करते. आठवड्याला वीस तास एका रेस्टॉरंटमध्ये काम करते. मालक तासाला १५ डॉलर रोख देतो, पेस्लिप देत नाही. ‘विद्यार्थ्यांना सगळीकडे एवढंच मिळतं’ म्हणतो. तक्रार केली तर व्हिसा जाईल, या भीतीने ती गप्प आहे. काय करावं?
— एक पालक, सांगली

उत्तर : मालक सांगतो ते खोटं आहे. १ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं. कॅज्युअल कामगाराला भरपगारी रजा नसते, तासांची हमी नसते, म्हणून त्यावर २५ टक्के जास्त द्यावे लागतात. म्हणजे ३१.१९ डॉलर. विद्यार्थी व्हिसा आहे म्हणून यातला एक सेंटही कमी होत नाही. तुमच्या मुलीचे तासाला १६.१९ डॉलर बुडताहेत. वीस तासांचे आठवड्याला जवळपास ३२४, आणि चाळीस आठवडे धरले तर १३,०००च्या घरात. हा दर दर वर्षी १ जुलैला बदलतो. शिवाय रेस्टॉरंटसाठी वेगळा ‘ॲवॉर्ड’, म्हणजे त्या धंद्यापुरते वेतनाचे नियम, आहे. त्यात कामाच्या पातळीनुसार दर ठरलेले असतात, आणि शनिवार-रविवार, सार्वजनिक सुट्टी यांना ते आणखी चढतात. फेअर वर्क ओंबड्समन या सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटवर वेतनाचा कॅल्क्युलेटर आहे. त्यात काम, वय आणि तारीख टाकली की नेमका दर कळतो.

पगार रोख देणं बेकायदा नाही. पेस्लिप न देणं मात्र बेकायदा आहे. पगार दिल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात ती मिळायला हवी. इथे कायदा कामगाराच्या बाजूने उभा राहतो. मालकाने नोंदी ठेवल्या नसतील आणि त्याला सबळ कारणही नसेल, तर ‘मी पूर्ण पगार दिला’ हे कोर्टात त्यालाच सिद्ध करावं लागतं. तरीही मुलीच्या हातात स्वतःची नोंद हवीच. आजपासून रोज तारीख, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, मधली सुट्टी आणि हातात आलेली रक्कम लिहायला सांगा. भिंतीवरच्या रोस्टरचा फोटो, शिफ्टबद्दलचे व्हॉट्सॲप मेसेज, रोख रक्कम बँकेत भरली असेल तर त्याचं स्टेटमेंट, हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवावं आणि त्याची प्रत मालकाच्या हाती न लागणाऱ्या ठिकाणी असावी. नोकरी सोडताना मुलं कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडतात, फोन बदलतात आणि पुरावा तिथेच जातो. चॅट आधी एक्स्पोर्ट करून घ्यावा.

मग आठवडावार हिशोब मांडून मालकाला ईमेल करावा. कितीतरी प्रकरणं याच टप्प्यावर मिटतात, कारण लेखी आकडे पाहिले की मालकाला पुढचं दिसू लागतं. नाही मिटलं तर ओंबड्समनला १३ १३ ९४ वर फोन करावा. दुभाषी मोफत मिळतो. त्यानंतरची पायरी स्मॉल क्लेम्स कोर्टाची. एक लाख डॉलरपर्यंतचा दावा तिथे वकिलाशिवाय करता येतो, आणि सहा वर्षांपर्यंतची मागची थकबाकी मागता येते.

आता व्हिसा. कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. आठवड्याला वीस तास म्हणजे पंधरवड्याला चाळीस, तेव्हा तिने अट मोडलेलीच नाही. व्हिसा रद्द करण्याचा अधिकार गृह खात्याला आहे, मालकाला नाही. तास जास्त झालेल्या विद्यार्थ्यांसाठीही संरक्षण आहे. शोषणाबद्दल दाद मागणाऱ्याने पुढे अटी पाळण्याची तयारी दाखवली, तर तेवढ्याच कारणावरून सहसा व्हिसा रद्द होत नाही. मात्र तास जास्त झाले असतील तर तक्रारीआधी कायदेशीर सल्ला घ्यावा. मेलबर्नमध्ये मायग्रंट वर्कर्स सेंटर आहे, तिथून सुरुवात करता येईल.

मालक ‘एबीएन (स्वतंत्र धंद्याचा नोंदणी क्रमांक) काढ’ म्हणाला तर नकार द्यावा. तसं केलं की कागदोपत्री ती कामगार न राहता स्वतंत्र कंत्राटदार होते, आणि किमान वेतन, सुपर (मालकाने भरायचा निवृत्तीनिधी) सगळं झटकायला मालकाला वाट मिळते. रोस्टर मालकाचा, स्वयंपाकघर मालकाचं, मग कंत्राटदार कसली?

१ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम कमी पगार देणं हा फौजदारी गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे चांगलं झालं. पण सगळी यंत्रणा अजून सर्वांत घाबरलेल्या माणसाच्या तक्रारीची वाट पाहत बसते. सरकारने आपणहून तपासण्या वाढवल्याशिवाय तासाला १५ डॉलरचा हा धंदा थांबणार नाही.

प्रश्न : मुलगा सिडनीत टेम्पररी व्हिसावर नोकरी करून पुण्याला परत आला. त्याच्या सुपरमध्ये १२,००० डॉलर अडकलेत. एजंट कमिशन मागतो. ते पैसे मिळतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मिळतील, आणि एजंटची गरज नाही. सुपर म्हणजे आपल्या पीएफसारखा निवृत्तीनिधी, फरक इतकाच की तो पूर्ण मालकाने भरायचा असतो. १ जुलै २०२५ पासून पगाराच्या १२ टक्के. टेम्पररी व्हिसावरच्या माणसाने देश सोडला आणि व्हिसाही संपला किंवा रद्द झाला, की तो काढता येतो. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) किंवा नागरिकत्व असेल तर ही सोय नाही. अर्ज एटीओच्या, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याच्या वेबसाइटवर मोफत होतो, आणि व्हिसाची खातरजमा यंत्रणा स्वतःच गृह खात्याकडून करते.

अर्ज अडतो तो बहुधा नावावर. पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि आडनाव धरून तीन शब्द, आणि सुपर फंडात दोनच. अर्जाआधी फंडाला लिहून नाव दुरुस्त करून घ्यावं. दुसरी अडचण फोनची. तिथला नंबर बंद झाला की ओटीपी येत नाही आणि फंडाचं खातं उघडत नाही. जे अजून परतायचे आहेत त्यांनी निघण्यापूर्वीच नंबर आणि ईमेल बदलून घ्यावा, मायगव्ह या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सुपर खाती आहेत ते पाहावं, आणि तिथलं बँक खातं पैसे येईपर्यंत चालू ठेवावं. निघून आणि व्हिसा संपून सहा महिने झाले की फंड ती रक्कम एटीओकडे सोपवतो. पैसे बुडत नाहीत, फक्त मागणी एटीओकडे करायची.

टॅक्स साधारण ३५ टक्के कापतात. १२,००० मधले ४,२०० जातील, ७,८०० हातात येतील. पण मुलाने कधी ४१७ किंवा ४६२ हा वर्किंग हॉलिडे व्हिसा घेतला असेल आणि त्या काळातलं सुपर या रकमेत असेल, तर ६५ टक्के जातात, तेही दुसऱ्या व्हिसावर कमावलेल्या भागासकट. मग हिशोब उलटा : ७,८०० सरकारला, ४,२०० त्याला. सुपरवरची करसवलत म्हातारपणासाठी आहे, म्हणून परत जाणाऱ्याकडून ती काही प्रमाणात वसूल करणं समजू शकतं. घामाच्या पैशातला दोन तृतीयांश भाग घेणं याला मात्र कोणताही न्याय्य आधार नाही. ४६२ आता भारतीयांनाही खुला झाला आहे, तेव्हा मुलांनी हे जाण्याआधीच माहीत करून घ्यावं.

एक तपासायलाच हवं : मालकाने सुपर भरलं होतं का? आधीच्या नियमात ते तिमाही संपल्यावर २८ दिवसांत भरलं तरी चालत असे. मधल्या काळात धंदा बुडाला की कामगाराचं सुपरही बुडे, आणि त्याला महिनोन्‌महिने पत्ता नसे. १ जुलै २०२६ पासूनचा नियम प्रत्येक पगाराबरोबर सुपर भरण्याचा आणि ते सात कामकाजाच्या दिवसांत फंडात पोचण्याचा आहे. कामगाराने काही न मागता मिळणारं संरक्षण ते हे.

प्रश्न : पगार ४५,०००च्या वर गेला की सगळ्यावर ३० टक्के टॅक्स लागतो का? मित्र म्हणतो, जादा शिफ्ट घेऊच नकोस.
— एक विद्यार्थी, ब्रिस्बेन

उत्तर : नाही. ३० टक्के फक्त ४५,०००च्या वरच्या डॉलरांवर. १ जुलै २०२४ च्या बदलानुसार १८,२०० पर्यंत शून्य, तिथून ४५,००० पर्यंत १६ टक्के, १,३५,००० पर्यंत ३०, १,९०,००० पर्यंत ३७ आणि पुढे ४५. सर्वांत खालचा १६चा दर १ जुलै २०२६ पासून १५ करण्याचं ठरलं आहे. ४६,००० कमावले तर शेवटच्या हजारावर ३०० टॅक्स, ७०० तुमचे. शिफ्ट जरूर घ्या, पंधरवड्याचे तास तेवढे मोजा. टॅक्स फाइल नंबर मालकाला दिलाच पाहिजे, नाहीतर ४७ टक्के कापले जातात. मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, हक्क नसलेल्यांनी त्याचं प्रमाणपत्र मागवून दोन टक्क्यांच्या मेडिकेअर लेव्हीतून सूट घ्यावी. हे फार जण विसरतात.

हे दर कसे आले तेही पाहण्यासारखं आहे. आधी मंजूर झालेल्या कपातीत दोन लाख कमावणाऱ्याचे वर्षाला ९,०७५ डॉलर वाचणार होते आणि ४०,०००वाल्याचा एकही नाही. जानेवारी २०२४ मध्ये अल्बनीज सरकारने ती बदलली. दोन लाखवाल्याची बचत ४,५२९ वर आली, ४०,०००वाल्याला ६५४ मिळाले, ७३,०००वाल्याला १,५०४. वाटणी बरीच सुधारली. उणीव राहिली ती अशी की या पायऱ्या महागाईबरोबर आपोआप वर सरकत नाहीत. पगार फक्त महागाईइतका वाढला तरी वाढीव पैसा वरच्या दरात जातो आणि खरेदीची ताकद घटते. पायऱ्या महागाईला जोडून टाकणं हाच यावरचा सरळ उपाय आहे.

प्रश्न : सुपरमार्केटमध्ये मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं का?
— एक गृहिणी, पर्थ

उत्तर : नेहमी नाही. किमतीच्या पाटीवर बारीक अक्षरात १०० ग्रॅमचा किंवा लिटरचा दर असतो, तो पाहा. मोठ्या सुपरमार्केटना तो छापणं बंधनकारक आहे. छोट्या पाकिटावर सेल लागला की मोठं महाग ठरतं. पाकीट तेवढंच दिसून आतलं वजन घटलं असेल, तर तेही याच आकड्यात पकडता येतं. एक हजार चौरस मीटरहून लहान दुकानांना हा नियम नाही, म्हणून भारतीय किराणा दुकानात भागाकार आपला आपण करावा : पाच किलो तूरडाळ २० डॉलरला असेल तर किलोला ४, आणि शेजारचं दोन किलोचं पाकीट ७.५० ला असेल तर किलोला ३.७५. तिथे दोन किलोची पाकिटं घ्या.