मनीप्लांटला चढू द्या : वाचकांची प्रश्नोत्तरे

गेल्या महिन्यात घरातल्या वेलींवर थोडेसे लिहिले आणि पत्रांचा ढीग लागला. बहुतेक मनीप्लांटबद्दल, काही मॉन्स्टेराबद्दल, म्हणजे चिरा पडलेल्या मोठ्या पानांच्या वेलीबद्दल. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. आपण या झाडाला लाडाने पाणी पाजतो, पण ती वेल आहे हेच विसरतो. द्राक्षाला मांडव लागतो हे नाशिककराला कुणी शिकवावे लागत नाही. मग दिवाणखान्यातल्या वेलीला आधाराविना का लोंबकळत ठेवायचे?

प्रश्न : गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. हॉलमध्ये टीव्हीच्या कोपऱ्यात मनीप्लांट ठेवलाय. रोज सकाळी न चुकता पेलाभर पाणी घालते, तरी खालची पाने एकापाठोपाठ पिवळी पडताहेत. पाणी कमी पडतंय का?

नाही ताई, पाणी जास्त होतंय. आजपासून रोजचा पेला बंद करा.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत ओली राहिली की मातीच्या कणांमधली हवेची जागा पाण्याने भरते, मुळे गुदमरतात आणि कुजायला लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड मलूल होते. आपल्याला वाटते तहानलेय, आणि आपण आणखी पाणी घालतो. माझ्याकडे दाखवायला आणलेल्या दहा मनीप्लांटपैकी सात-आठ याच फेऱ्यात सापडलेले असतात.

तुमच्या बाबतीत टीव्हीचा कोपरा हे अर्धे कारण आहे. झाड पाणी किती पिणार ते उजेडावर ठरते. जो पेला बाल्कनीतले झाड दोन दिवसांत संपवील, तोच अंधाऱ्या कोपऱ्यात आठवडाभर कुंडीत साचून राहतो. भर दुपारी, दिवा न लावता त्या जागी बसून वर्तमानपत्र आरामात वाचता येते का पाहा. डोळे ताणावे लागत असतील तर ती जागा झाडाची नव्हे. पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा. पश्चिमेची खिडकी असेल तर मध्ये पातळ पडदा हवाच, कारण एप्रिल-मेमधले आपल्याकडचे दुपारचे ऊन पान भाजून काढते.

आता कुंडी उलटी करून मुळांसकट मातीचा गड्डा हलकेच बाहेर काढा. मुळे पांढरट आणि टणक असतील तर काळजी नको. तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाका आणि नव्या मिश्रणात लावा. मिश्रणात शेतातली काळी माती घालायचा मोह टाळा. कपाशीला ती सोने आहे, पण कुंडीत ती ओली असताना चिखल आणि वाळली की दगड होते. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि एक भाग भाताचे तूस घ्या. तूस इगतपुरी-त्र्यंबककडच्या भातगिरण्यांतून मिळते. नर्सरीतले परलाइट, म्हणजे हलके पांढरे खडे, तेही चालते, पण ते महाग पडते. कुंडीला खाली भोक हवे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकायचे.

यापुढे पाणी वाराप्रमाणे घालू नका. बोट दोन पेरे मातीत खुपसा. कोरडे लागले तरच घाला, आणि घालाल तेव्हा खालून निथळेपर्यंत भरपूर घाला. मग मे महिन्यात चार-पाच दिवसांनी आणि डिसेंबरात कदाचित पंधरा दिवसांनी पाणी द्यावे लागेल. सर्वांत खालचे एखादे जुने पान पिवळे होऊन गळणे मात्र स्वाभाविक आहे, त्यासाठी जीव खाली-वर करू नका.

प्रश्न : कॉलेज रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात आंब्यावर चढलेला मनीप्लांट आहे, त्याची पाने सुपाएवढी. त्याचीच फांदी मागून आणली, टांगत्या कुंडीत लावली, तर पाने पिंपळाच्या पानाएवढीच येतात. जात वेगळी का?

जात तीच आहे. तुम्ही तर त्याचीच फांदी आणली. फरक आहे तो चढण्याचा.

मनीप्लांट, शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम, मूळचा पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियामधल्या मोरेआ बेटाचा. तिथल्या जंगलात तो झाडांच्या खोडांना मुळांनी चिकटत वर जातो. जमिनीलगत उजेड कमी, म्हणून तिथे पाने लहान. खोडाची पकड मिळून वर सरकला की प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा मोठे येते. पूर्ण वाढलेल्या वेलीचे पान हातभर, कधी मीटरभर लांब होते आणि त्याला कडेने चिराही पडतात. उलट वेल लोंबकळत ठेवली की तिला पकड सापडत नाही. ती आधाराच्या शोधात लांब लांब पेरे टाकत जाते आणि पाने आणखी लहान होत जातात. टांगत्या कुंडीतली ती सुंदर झालर म्हणजे खरे तर शोधत निघालेली वेल आहे. मला स्वतःला ती फार काळ बघवत नाही.

मॉन्स्टेराची कथा याहून विलक्षण आहे. कोस्टारिकाच्या जंगलात त्याच्या एका जातीची रोपे जमिनीवरून उजेडाकडे न जाता सर्वांत काळोख्या दिशेला सरपटत जाताना दिसली. १९७५ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. जंगलात सर्वांत काळी आकृती म्हणजे जाड बुंधा! बुंध्याला टेकले की रोप उजेडाकडे वर वळते. ‘या झाडांना अंधार आवडतो’ असे कुणी सांगितले तर ही गोष्ट आठवा. काळोख ही त्यांची वाट असते, मुक्काम उजेडात असतो.

तुम्ही असे करा. दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून कुंडीत मधोमध रोवा. त्याहून चांगली म्हणजे खडबडीत लाकडाची फळी; वेल तिला पाठ टेकून सपाट चढते. पेराजवळ, म्हणजे खोडावर पान फुटते त्या गाठीजवळ, तपकिरी कोंब दिसतात ती हवाई मुळे. ती बाजू आधाराकडे करा आणि सुती चिंधीने सैल बांधा. बांधायचे ते खोड, पानाचा देठ नव्हे, कारण पान उजेडाकडे वळायला देठ मोकळा हवा. दोरी रोज फवाऱ्याने ओलसर ठेवा, कोरड्या दोरीला मुळे चिकटत नाहीत. हे काम जूनमध्ये काढलेत तर पावसाळी दमट हवा अर्धे काम करून देते. जून ते ऑक्टोबर दर तीन आठवड्यांनी लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ हे विरघळणारे खत द्या, पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या नव्या पानापासून फरक दिसू लागेल. सुपाएवढे पान घरात येणार नाही, पण तळहाताच्या दुप्पट नक्की येईल.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. घरासाठी मनीप्लांटच्या काड्या लावल्या. द्राक्षासारख्या जुन्या, पिकलेल्या काड्या निवडल्या, उन्हात ठेवल्या, सगळ्या वाळल्या. शिवाय थंडीत आईच्या खोलीतला वेल काळा पडला. काय चुकले?

दादा, तुमचे द्राक्षाचे ज्ञान एका बाबतीत उपयोगी आहे आणि दोन बाबतींत आड आले.

उपयोगी ते डोळ्याचे, म्हणजे जिथून नवी फूट निघते त्या जागेचे. तुम्हाला ठाऊक आहे की काडीला डोळा नसेल तर फूट नाही. इथेही तसेच. प्रत्येक तुकड्यावर निदान एक पेर, एक पान आणि जमल्यास हवाई मुळाचा कोंब हवा. पेराच्या अर्धा इंच खाली कापा. नुसते देठासकट पान पाण्यात ठेवले तर मुळे फुटतीलही, पण त्यातून वेल कधीच निघणार नाही.

आड आले ते असे. द्राक्षाची काडी पानगळ झालेली, साठा भरलेली असते. मनीप्लांटची काडी हिरवी आणि पानासकट लागते. आणि द्राक्षाला ऊन हवे, तर हिला सावलीतला उजेड. काचेच्या बरणीत पेर बुडेल इतके पाणी घ्या, चार-पाच दिवसांनी बदला. उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन ते तीन आठवड्यांत मुळे दिसतात. बोटाच्या पेराएवढी लांब झाली की कुंडीत लावा. फार महिने पाण्यात राहिलेल्या मुळांना मातीत रुळायला वेळ लागतो.

काळे पडणे थंडीचे. ही वेल विषुववृत्ताच्या बाजूची, तिने गारठा पाहिलेला नाही. पारा दहाच्या खाली गेला की तिची पाने दुखावतात, आणि निफाडचा पारा किती हिवाळ्यांत पाचाच्याही खाली उतरला ते बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या तुम्हाला मी काय सांगणार! डिसेंबर-जानेवारीत कुंडी रात्री खिडकीच्या काचेपासून आत घ्या, थंड फरशीवर न ठेवता पाटावर ठेवा, आणि पाणी सकाळी, उन्हे वर आल्यावर, अगदी बेताने द्या. काळी पाने काढा. खोड हिरवे असेल तर मार्चमध्ये पुन्हा फुटेल.

जाता जाता तुमच्याच विषयातले एक. तुम्ही मणी लांबवायला घड जीएमध्ये बुडवता, म्हणजे जिबरेलिक आम्लात. मनीप्लांटला फुले का येत नाहीत याचे उत्तर त्याच द्रव्याशी जोडलेले निघाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की ते द्रव्य बनवणाऱ्या एका जनुकाचे काम या वेलीत बिघडलेले आहे; बाहेरून जिबरेलिक आम्ल फवारल्यावर तिला फुले आली. त्याआधी आपणहून फुलल्याची शेवटची नोंद १९६४ ची आहे. म्हणजे जगभरच्या घरांत ही वेल पसरली ती बियांमुळे नव्हे. कुणीतरी कुणाला दिलेल्या काडीतूनच ती पुढे गेली.

प्रश्न : नातू रांगायला लागलाय, दिसेल ते तोंडात घालतो. मनीप्लांट विषारी असतो म्हणतात. काढून टाकू का? (आजी, इंदिरानगर)

आजी, अळूचे फदफदे करताना चिंच किंवा आमसूल विसरले तर घशाला जी खाज सुटते, तीच इथली भानगड आहे. अळू, सुरण, मनीप्लांट आणि मॉन्स्टेरा ही एकाच कुळातली. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडात टोचतात. पान चावले तर जिभेची आग होते, लाळ गळते, बाळ रडते. बहुधा एका घासातच ते थुंकून टाकते, पण म्हणून हलक्यात घेऊ नका. तोंड ओल्या कापडाने पुसा, थोडे गार पाणी किंवा दूध द्या. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास-गिळण्याला त्रास दिसला तर थेट डॉक्टरांकडे जा. मांजर-कुत्र्यांनाही असाच त्रास होतो.

काढून टाकायची गरज नाही, उंचावर न्या, आणि लोंबणारे शेंडे कापा, कारण रांगते मूल तेच ओढते. गळलेली पाने लगेच उचला. छाटताना चीक हाताला लागतो, हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका.

प्रश्न : चोरून आणलेलाच मनीप्लांट पैसा आणतो हे खरे का? आणि तो घरातली हवा शुद्ध करतो का?

काडी मागितली तर आनंदाने देणार नाही असा मनीप्लांटवाला मला अजून भेटलेला नाही, तेव्हा चोरू नका, मागा. पैशाशी या वेलीचा काही संबंध नाही.

हवेचे म्हणाल तर तो समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून पसरला. तो प्रयोग लहान बंद पेट्यांत केला होता. आपल्या घरात दारे-खिडक्यांतून हवा सतत बदलते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा असे निघाले की उघड्या खिडकीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार झाडे लागतील. खिडकी उघडा. झाड मात्र ठेवा, हिरवे पान डोळ्यांना बरे वाटते एवढे कारण मला पुरते.

प्रश्न : पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे चिकटलेय. (सिडको)

पिठ्या ढेकूण. द्राक्षबागेत हाच माणसाची झोप उडवतो. कुंडी बाकीच्या झाडांपासून लांब करा. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, पानांच्या मागच्या बाजूही बघा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि भांड्याच्या द्रव साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा, त्यानंतर आणखी एकदा. एका फवारणीत संपला असे समजू नका, अंडी राहतात.

प्रश्न : पांढऱ्या-हिरव्या छटांचा मार्बल क्वीन मनीप्लांट आणला होता, आता पाने नुसती हिरवी येताहेत.

उजेड कमी पडतोय. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, त्यामुळे अंधारात हिरव्या फुटव्याचीच सरशी होते. चांगली नक्षी असलेल्या शेवटच्या पानापर्यंत मागे छाटा, खिडकीजवळ न्या. हिरवी फांदी ठेवली तर ती जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकते, तेव्हा कापताना हात आखडू नका.

प्रश्न : मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जातोय. घर बंद राहील. झाडांचे काय करू?

निघायच्या आदल्या दिवशी खालून निथळेपर्यंत पाणी द्या आणि ताटली रिकामी करा. कुंड्या खिडकीपासून चार-पाच फूट आत, एकमेकींना चिकटून ठेवा. पडदे अर्धे ओढा, पूर्ण अंधार नको. आठ इंची कुंडीतला मनीप्लांट एवढ्यात मरत नाही. फार तर पाने जराशी मऊ पडतील आणि आल्यावर पाणी दिले की संध्याकाळपर्यंत उभी राहतील. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवणार असाल तर त्यांना एवढे आवर्जून सांगा, की मधे एकदाच यायचे, बोट घालून बघायचे, आणि माती ओली लागली तर काहीही न करता परत जायचे.