करवंटीचं घर आणि गढूळ पाणी

प्रश्न : माशांना लपायला टाकीत नारळाची अर्धी करवंटी ठेवली. चार दिवसांत पाणी गढूळ झालं, वास येतोय. मिरामारच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले चालतील का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : करवंटीत खोबरं राहिलंय. आतली तपकिरी सालसुद्धा कुजते, अमोनिया वाढतो आणि मासे दगावतात. करवंटी आजच काढा, एक तृतीयांश पाणी बदला.

नवी करवंटी सुरीने खरवडून पांढरा कण उरू देऊ नका. बाहेरचा काथ्याही काढा. काठावर हॅकसॉच्या पात्याने ३-४ सेंटिमीटर अंतरावर दोन खाचा पाडा, मधला तुकडा पकडीने तोडा. कडा पॉलिश पेपरने इतकी घासा, की बोट फिरवल्यावर कुठेही अडकू नये. तिथेच माशाचे खवले निघतात. दार माशाच्या जाडीच्या निदान दुप्पट हवं. माथ्यावर छोटं भोक पाडा, नाहीतर आत हवा अडकून करवंटी तरंगते.

मग २० मिनिटं उकळा, पाणी फेका, असं तीनदा. पुढे आठवडाभर भिजत ठेवून रोज पाणी बदला. तरीही थोडा चहासारखा रंग उतरेल. तो टॅनिनचा, म्हणजे करवंटीतल्या नैसर्गिक तुरट द्रव्याचा, निर्धोक. पाणी दुधाळ झालं तर मात्र घाबरायलाच हवं. व्हार्निश अजिबात नको.

शिंपले नकोत. त्यातला चुना विरघळून पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त होतं. असं पाणी गप्पी, मोली या माशांना चालेल, टेट्रा माशांना नाही.