स्टिअरिंग बिघडलेली ११ वर्षांची गाडी दुरुस्त करावी की बदलावी?

तुमची गाडी ११ वर्षांची, स्टिअरिंग जड झालंय, खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येते, आणि गॅरेजमध्ये ‘पूर्ण रॅक (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा भाग) बदलावा लागेल’ म्हणाले. खर्च ऐकून गाडीच विकून टाकावी असं तुम्हाला वाटतंय.

आधी एक सांगा, रॅकच गेलाय हे त्यांनी कशावरून ठरवलं? गाडी वर घेऊन, चाक हलवून, ढिला भाग तुम्हाला दाखवला का? नसेल, तर तुमच्या हातात अजून फक्त अंदाज आहे.

माझ्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग वळवताना मध्येच जड, मध्येच हलकं व्हायचं. एका ठिकाणी मलाही रॅकच सांगितला. मनाला पटेना म्हणून दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या टोकाचा क्रॉस जॉइंट दाखवला. तो गंजून आखडला होता. तेवढाच बदलला आणि पुढे चार वर्षं मी ती गाडी चालवली. त्या दिवशी विकली असती तर एका छोट्या सांध्यापायी चांगली गाडी गेली असती, हे आजही मनात येतं.

तुमच्या बाबतीत जडपणा आणि खडखड ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. खडखडीचं कारण बहुतेक वेळा टायरॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश किंवा स्टॅबिलायझर लिंक असतं. हे झिजणारेच भाग आहेत आणि रॅकपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. पुढचं चाक उचलून डाव्या-उजव्या बाजूंना धरून हलवलं आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला, तर संशय टायरॉडवर; वर-खाली धरून हलवल्यावर जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा चाकाच्या बेअरिंगवर. ही तपासणी मेकॅनिककडून समोर उभं राहून करून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्वतः कधीही शिरू नका.

जडपणासाठी सर्वात आधी टायरमधली हवा बघा. पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर ऑइलची पातळी, पट्टा आणि वळवताना पंप कण्हतो का ते पाहा. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट आतून ऑइलने भिजले असतील तर सील गेलंय, आणि मग गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं असू शकतं. इलेक्ट्रिक असेल तर आधी बॅटरी आणि वायरिंगचे जोड तपासा. व्होल्टेज पडलं तरी मोटरची मदत बंद होऊ शकते आणि स्टिअरिंग दगडासारखं लागतं. स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचल्याशिवाय मोटर किंवा कॉलम बदलायला होकार देऊ नका. रॅक खरंच गेला असेल तरी नव्याशिवाय रिकंडिशन केलेल्याचाही भाव विचारा. रॅक, टायरॉड एंड किंवा लोअर आर्म बदलला तर नंतर व्हील अलाइनमेंट करावीच लागते, तो खर्च धरून चाला.

आता पैशाचं. बहुतेक जण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून बघतात. मला ती तुलनाच चुकीची वाटते. दुरुस्तीच्या पैशात दुसरी गाडी येत नाही. गाडी बदलायची म्हणजे कर, विमा, कदाचित कर्जाचं व्याज, आणि जुनी घेतलीत तर तिची दुखणी तुम्हाला अजून ठाऊक नाहीत. म्हणून या गाडीला येत्या दोन वर्षांत काय काय लागेल ते कागदावर लिहा: टायर, क्लच, सस्पेन्शन, सगळं. त्या बेरजेची तुलना दुसऱ्या गाडीच्या दोन वर्षांच्या खर्चाशी करा.

मी गाडी सोडून द्यायचा सल्ला मुख्यतः सांगाड्याकडे बघून देईन. रॅक किंवा सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) जिथे बोल्टने बसते तिथला पत्रा गंजून पोखरला असेल, किंवा जुन्या अपघाताने चासी वाकून अलाइनमेंट मापात येतच नसेल, तर नवा रॅक घालून काही साधणार नाही. इंजिन ऑइल पीत असेल आणि गिअरबॉक्सही कुरकुरत असेल, तरीही दुरुस्ती नको. पण पत्रा धड, इंजिन निरोगी आणि दुखणं फक्त स्टिअरिंगचं असेल, तर मी दुरुस्तच करीन.

हे ठरेपर्यंत एक सांभाळा. स्टिअरिंग फिरवूनही चाक उशिरा वळत असेल, वळणानंतर सरळ येत नसेल किंवा अडकत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. पॉवरची मदत गेली तरी जोर लावून गाडी वळते. पण बॉल जॉइंट निसटला तर चाकच दुमडतं आणि हातात काही उरत नाही. आणि विकायची ठरवलीत, तर सापडलेला दोष घेणाऱ्याला स्पष्ट सांगा, कारण त्याच स्टिअरिंगवर उद्या त्याचं कुटुंब विसंबणार आहे.