जुन्या कराटे-कुंग फू पिक्चरवरच्या नव्या सिरीज बघण्यासारख्या आहेत, की नुसता आठवणींवर धंदा चाललाय?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय की मारामारी तेवढी बघून बाकीचं फॉरवर्ड केलं तर चालेल का. त्या एका ओळीमुळे लिहायला बसले. नाही चालणार. काय बघायचं, कुठल्या क्रमाने, ते खाली सांगते, पण आधी हे.

आमच्या घरी 'द कराटे किड'ची कॅसेट होती, १९८४ चा ओरिजिनल, आणि व्हीसीआरचा रिमोट कायम दादाच्या हातात. दादा मोठा, शिवाय कराटे क्लासला जाणारा, त्यामुळे ह्या विषयात त्याच्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही. हॅलोवीनच्या रात्री सांगाड्याचे कपडे घातलेली पोरं पिक्चरचा हीरो डॅनिएल ह्याला कुंपणापाशी धुतात आणि पुढे त्याला कराटे शिकवणारा म्हातारा मियागी येऊन सगळ्यांना लोळवतो, तो सीन आम्ही मागे नेऊन नेऊन बघायचो. पण मियागी दारू पिऊन बसलेला असतो तो सीन आला की दादा फॉरवर्डचं बटण दाबून धरायचा. पडद्यावर आडव्या रेघा, मिलिटरीच्या युनिफॉर्ममधला एक म्हातारा भराभर हातवारे करतोय, मग कॉटवर आडवा होतोय, डॅनिएल कसलेतरी कागद वाचतोय, आणि एकदम टूर्नामेंटची तयारी. कितीतरी वर्षं मला तो सीन म्हणजे रेघाच माहीत. मी म्हणायचे थांब ना, काय बोलतोय तो बघू, तर दादाचं ठरलेलं उत्तर, "त्यात काही नाहीये, रडारड आहे."

पुढे मोठी झाल्यावर एकटीने तो पिक्चर लावला आणि पहिल्यांदा तो सीन नीट पाहिला. त्या रात्री मियागीच्या लग्नाचा वाढदिवस असतो. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या बाजूने युरोपात लढत होता, जपानी वंशाच्या सैनिकांच्या ४४२ व्या रेजिमेंटमध्ये, आणि त्याच वेळी त्याच्या बायकोला त्याच अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या मांझानारच्या कॅम्पात डांबून ठेवलं होतं, का तर ती जपानी वंशाची म्हणून. तिथे बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. डॅनिएल ते वाचतो, मग पेटीत त्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, सापडतं, आणि झोपलेल्या मियागीपुढे वाकून तो निघतो. कोणी कोणाला एक गुद्दा मारत नाही.

आणि ह्यातलं पात्र कल्पित असलं तरी बाकी काही कल्पित नाहीये. १९४२ पासून सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना असं कॅम्पांत कोंडलं होतं, त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक. सरकारने रीतसर माफी मागून भरपाईचा कायदा केला तो १९८८ मध्ये, म्हणजे पिक्चर येऊन चार वर्षं झाल्यावर. मियागी झालेला पॅट मोरिता, त्याचं लहानपण मणक्याच्या क्षयामुळे हॉस्पिटलात गेलं आणि चालायला लागला तसं त्याला तिथून थेट कॅम्पात नेऊन ठेवलं. तो सीन तो कुठून करतोय ते ह्यावरून समजतं. स्टुडिओला हा सीन कापायचा होता, पिक्चर रेंगाळतो म्हणे. दिग्दर्शक जॉन अविल्डसन, म्हणजे 'रॉकी'वाला, अडून बसला म्हणून राहिला, आणि मोरिताला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. स्टुडिओतल्या साहेबांचं आणि आमच्या दादाचं मत एकच होतं, दोघांनाही तोच सीन नको होता.

आता तुमचा प्रश्न. 'कोब्रा काय', म्हणजे ह्याच पिक्चरची पुढची गोष्ट सांगणारी सिरीज, २०१८ मध्ये यूट्यूबवर आली, २०२० मध्ये नेटफ्लिक्सने घेतली, २०२५ मध्ये सहाव्या सीझनला संपली. नुसता आठवणींवरचा धंदा असता तर डॅनिएल आणि त्याने पिक्चरच्या शेवटी टूर्नामेंटमध्ये हरवलेला जॉनी, ह्या दोघांना पहिल्याच भागात मॅटवर उतरवून मोकळे झाले असते. तसं त्यांनी केलं नाही. त्यांनी गोष्ट हरलेल्या पोराच्या बाजूने सुरू केली. जॉनी आता पन्नाशीचा, भिंतीवर टीव्ही ठोकून द्यायची कामं करतोय, आणि रस्त्यावर मान वर केली की डॅनिएलच्या गाड्यांच्या शोरूमचं होर्डिंग, त्यावर तोच हसरा चेहरा. मध्येमध्ये जुन्या पिक्चरचं खरं फुटेज येतं, तीच माणसं, मेकअप करून म्हातारी केलेली नाहीत, खरोखरची चौतीस वर्षं त्यांच्या अंगावरून गेलेली. असं दुसऱ्या कुठल्या प्रकारात बघायला मिळतं सांगा. पहिल्या सीझनचा पाचवा भाग आवर्जून बघा, डॅनिएल मियागीच्या कबरीपाशी जातो तो (मोरिता २००५ मध्येच गेला होता). दुसऱ्या सीझनमध्ये जॉनीच्या टोळीतला टॉमी परत येतो, कॅन्सर झालेला, जुने मित्र त्याला शेवटचं फिरायला नेतात. ते काम करणारा रॉब गॅरिसन त्याच वर्षी, २०१९ मध्ये, खरंच गेला. तिसऱ्यात ओकिनावाला, म्हणजे मियागीच्या जपानमधल्या मूळ बेटावर, दुसऱ्या पिक्चरमधली डॅनिएलची मैत्रीण कुमिको त्याला मियागीचं पत्र वाचून दाखवते. मी फायटिंगची शत्रू नाहीये, दुसऱ्या सीझनच्या शेवटची शाळेतली मारामारी मलाही जबरदस्त वाटली, कॅमेरा किती वेळ न तुटता जिन्यांवरून, पोरांच्या गर्दीतून फिरतो ते बघाच. पण त्या मारामारीला वजन आहे ते आधीच्या बोलण्याचालण्यामुळे.

चौथ्या सीझनपासून मात्र माझं जमेना. दर भागात कोणीतरी पार्टी बदलतो, दर भागात राडा, आणि शेवटच्या सीझनला तर मियागीच्या भूतकाळात एक रहस्य घुसवलंय, लपवलेली पेटी काय, त्यात काय सापडतं काय. ज्या माणसाचं दुःख एका सीनमध्ये, एका कागदात संपूर्ण सांगून झालं होतं त्याला सस्पेन्स कशाला पाहिजे? ह्याचा मला खरंच राग आला. हे फॉरवर्डवाल्यांसाठी लिहिलेलं लिखाण आहे, पुढे काय पुढे काय करत राहणाऱ्यांसाठी.

आणि हे सगळं अमेरिकेने शोधून काढलं असंही समजू नका. हाँगकाँगच्या टीव्हीने १९९५ मध्येच ब्रूस लीच्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'ची ३० भागांची सिरीज केली होती, त्यात हीरो चेन झेन झालाय डॉनी येन. मूळ पिक्चर १९७२ चा, सुरुवातच गुरूच्या अंत्यविधीने, भर पावसात चेन झेन खड्ड्यात उडी टाकून शवपेटीवरची माती हाताने उपसतो. म्हणजे ज्याच्या लाथांसाठी जग तो पिक्चर बघतं त्याचीही सुरुवात रडारडीनेच आहे. सिरीजमध्ये तो माणूस तिथपर्यंत कसा पोचला ह्याला भागच्या भाग मिळतात, आणि टीव्हीचा फायदाच तो आहे, पिक्चरला जो वेळ नसतो तो इथे असतो. तो वेळ नुसत्या लाथांत घालवला तर सिरीज काढायचीच कशाला.

कोब्रा कायचा तिसरा सीझन दादा आणि मी एकत्र बघत होतो. पत्राचा सीन सुरू झाला आणि दादाने सवयीने दहा सेकंद पुढे, परत दहा सेकंद पुढे. मी रिमोट काढून घेतला. चांगलं वाजलं आमचं. त्याचं म्हणणं तेच, कराटेच्या पिक्चरमध्ये कराटे बघायचं. मी म्हटलं अरे १९८४ च्या त्या दोन तासांच्या पिक्चरमध्ये कराटे आहे किती? गाडी पुसणं, फरशी घासणं, कुंपण रंगवणं ह्यातच निम्मा पिक्चर जातो, आणि तुला पस्तीस वर्षं आठवतोय तो मियागी, त्याची एखादी फाइट नाही. त्यावर तो काही बोलला नाही, पण पटलेलंही नाहीये, अजून क्लासच्या पोरांना फायटिंगच्या क्लिपाच पाठवतो. दादा, तू हे वाचत असशील तर कॅसेटवरचा तो भाग अजून बघायचा राहिलाय तुझा.

तर क्रम असा. आधी १९८४ चा पिक्चर, पूर्ण. मग दुसरा भाग, १९८६ चा, ओकिनावाचा, तो बघितला नाही तर कुमिको आणि चोझेन कोण ते कळणार नाही. १९८९ चा तिसरा सुमार आहे, पण त्यातला खलनायक टेरी सिल्व्हर चौथ्या सीझनला परत येतो म्हणून नजरेखालून घाला, वाटल्यास ह्या एकाला फॉरवर्ड माफ. मग कोब्रा कायचे पहिले तीन सीझन. पुढचं तुमच्यावर, शेवट काय होतो ह्याची उत्सुकता असेल तर बघा, जॉनीचं काम शेवटपर्यंत चांगलंच आहे. फक्त फायटिंगच हवी असेल तर 'वॉरियर' घ्या, २०१९ ची, ब्रूस लीने लिहून ठेवलेल्या कल्पनेवरून त्याच्या मुलीने पुढाकार घेऊन केलेली, १८७० च्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी टोळ्यांची गोष्ट, हाणामारी ह्या सगळ्यांत सरस. ती कुठल्या जुन्या पिक्चरचा पुढचा भाग नाही, त्यामुळे आधी काही बघावं लागत नाही. तीनच सीझन झाले आणि बंद केली, त्यामुळे सगळे धागे जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका. आणि घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर लावा, रक्तपात आणि बाकीचंही बरंच आहे.