सोशलमध्ये घाम येणारच, शर्ट किती नेताय ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : राहायला ऐरोली, साल्सा-बचाटा हे जोडीने नाचायचे लॅटिन नाच शिकायला लागून थोडेच महिने झालेत, शनिवारी रात्री ठाण्यात नाहीतर वाशीत सोशलला, म्हणजे सगळे जमून नाचतात त्या पार्टीला जाता आणि दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यालाच शर्ट पिळून काढावा इतका भिजतो. परवा नाच संपल्यावर एका मुलीने हात जीन्सला पुसला, ते बघून तुम्ही उरलेला वेळ भिंतीला टेकून काढलात. आता विचारताय, कुठल्या कापडाचा शर्ट घेऊ म्हणजे घाम येणार नाही.

तसं कापड नाही. निदान आपल्या खाडीकाठी तरी नाही. घाम येण्याने अंग थंड होत नाही, तो वाळल्याने होतं. एक लिटर घाम अंगावरून वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपकन फरशीवर पडलेला थेंब काहीच नेत नाही. ठाणे-नवी मुंबईच्या हवेत आधीच इतकी ओल असते की घाम वाळायला जागाच मिळत नाही, मग शरीर आणखी घाम काढतं. त्यात नाचताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीत जातो, बाकीची नुसती उष्णता. हॉलचा एसी बसून जेवणाऱ्या लोकांच्या हिशेबाने लावलेला, आणि आवाजाची तक्रार नको म्हणून रात्री खिडक्या बंद. अशात एकट्या शर्टाने काय करावं?

म्हणून कोरडं राहण्याचा नाद सोडा आणि बदलण्याची तयारी ठेवा. जोडीत नाच पुढे नेणारा तो लीड, त्याच्या इशाऱ्यावर नाचणारी ती फॉलो. मी बरीच वर्षं फॉलो करते, त्यामुळे हाताच्या पलीकडच्या बाजूने सांगते : समोरच्याला घाम आलाय याचं कुणाला काही वाटत नाही. सगळ्यांनाच येतो. नकोसं वाटतं ते गार, चिकट, ओलं कापड हाताला लागणं, आणि वास. दोन्हींवर उपाय आहे.

तीन तासांच्या सोशलला तीन शर्ट न्या. ऐकायला जास्त वाटतं, पण जे लीड तुम्हाला रात्रभर टवटवीत दिसतात ते हेच करतात, फक्त गाजावाजा करत नाहीत. पूर्ण भिजेपर्यंत थांबू नका. पाठीला कापड चिकटायला लागलं की जायचं. आणि इथे बहुतेक जण घाई करतात : ओल्या अंगावर कोरडा शर्ट चढवला तर तो वॉशरूमच्या दारापर्यंतच भिजतो. आधी पंच्याने अंग पुसा, दोन मिनिटं तसेच थांबा, मग शर्ट. पंचाच म्हणतेय, जाड टर्किश टॉवेल नको. पंचा पाणी पटकन टिपतो, पटकन वाळतो आणि बॅगेत मावतो. ओले कपडे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. घरून निघताना नाचायचा शर्ट घालूच नका. ठाणे-वाशी लोकल, मग रिक्षा किंवा चालणं, यात एक शर्ट असाच जातो. टी-शर्टवर या, पंधरा मिनिटं आधी पोचा, पंख्याखाली थंड व्हा, मग बदला.

आता कापड. सुती कापड पाणी भरपूर पितं पण सोडत नाही. जाड कॉटनचा शर्ट भिजला की जड होतो आणि अंगाला चिकटतो. पॉलिएस्टरचं ड्रायफिट उलट, पाणी पसरवतं आणि लवकर वाळतं, पण घामाचा वास त्यात असा बसतो की धुतल्यावरही परत येतो. रेयॉनचे छापील शर्ट दुकानात मऊ-गार लागतात, भिजले की लोंबतात. माझं मत : पातळ लिनन किंवा लिनन-कॉटन मिश्रण, सैल, अर्ध्या बाह्यांचा. सुरकुत्या पडतात, पडू देत. दुकानात कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा सहज आरपार गेली तर घ्या. आत पातळ बनियन घाला. एक थर वाढल्याने उकाडा किंचित वाढतो हे खरं, पण पहिला घाम तो टिपतो आणि पाठीवरचा शर्ट माझ्या हाताला बराच वेळ कोरडा लागतो. शर्ट बदलताना बनियनही बदला.

बाह्या हव्यातच. धरून नाचताना माझा डावा हात तुमच्या उजव्या दंडावर, खांद्यावर असतो. तिथे कापड नसेल तर हात घसरतो. राखाडी आणि आकाशी रंगावर घामाचे डाग सगळ्यात जास्त दिसतात. पांढरा, काळा, गडद निळा किंवा गजबजलेली छपाई बरी. जीन्स घरी ठेवा.

मुलींनी कुर्ती किंवा ड्रेस घेताना अस्तर बघा. वरून शुद्ध कॉटन, आत प्लास्टिकसारखं सिंथेटिक अस्तर, हा प्रकार इतका सर्रास आहे की मी आधी कपडा उलटाच करून बघते. पाठ पूर्ण उघडी असेल तर लीडचा हात घामावरून सटकतो. केस वर बांधा. ओली वेणी गिरकीत समोरच्याच्या डोळ्यावर बसली की तो जन्मभर विसरत नाही.

वासाबद्दल. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो फोडतात तेव्हा येतो. डिओ वास झाकतो, जिवाणूंना थोडा आवर घालतो, पण घाम थांबवत नाही. घाम कमी करायचा तर अँटीपर्स्पिरंट लागतं, ज्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात, आणि ते रात्री झोपण्यापूर्वी कोरड्या काखेत लावायचं. निघताना घाईत फासलं तर घामासोबत वाहून जातं. परफ्युम एक थेंब. मानेवर टाल्कम पावडर थापू नका, तिचा चिखल होतो आणि ती फरशीवर सांडली तर कुणीतरी घसरून पडतं.

मात्र कपड्यांपेक्षा जास्त फरक तुमच्या नाचण्याने पडेल. नवीन लीड गरजेच्या दुप्पट कष्ट करतो : लांब पावलं, प्रत्येक तालावर उसळी, खांदे कानापर्यंत चढलेले आणि समोरच्याचा हात लोकलच्या दांड्यासारखा पकडलेला. या सगळ्याची उष्णता होते. पाऊल पावलाइतकंच टाका, टाच फार उचलू नका, मनगट सैल सोडा. जलद साल्सा मिनिटाला २०० ठोक्यांपर्यंत जातो, बचाटा बहुधा १३०च्या आसपास. लागोपाठ दोन जलद गाणी झाली की तिसरं बचाट्याचं घ्या किंवा सरळ सोडा. कुणी विचारलं तर "जरा शर्ट बदलून येतो, पुढचं गाणं नक्की" एवढं म्हटलं की पुरे. या उत्तराचा कुणी राग धरत नाही, उलट मनात बरंच वाटतं.

मधल्या वेळात तोंडावर दोन शिंतोडे मारण्याऐवजी कोपरापर्यंत हात नळाखाली धरा. तळहात, तळपाय आणि चेहरा इथल्या त्वचेत उष्णता बाहेर टाकणाऱ्या खास रक्तवाहिन्या असतात, म्हणून थंड बाटली तळहातात धरली तरी बरं वाटतं. मग हात नीट पुसा आणि नॅपकिन मागच्या खिशात ठेवा. हात पुढे करण्यापूर्वी पुसायची सवय लावा. हॉलवाल्यांना एक पेडेस्टल फॅन मागून बघा. घामेजल्या अंगावर वाहती हवा दोन अंश कमी केलेल्या एसीपेक्षा जास्त काम करते.

पाणी दुपारपासून प्या, तिथे जाऊन एकदम लिटरभर ढोसू नका. किती जातंय हे कळायला जाण्याआधी आणि आल्यावर वजन करा. एक किलो कमी भरलं तर प्यालात त्याशिवाय साधारण लिटरभर आणखी हवं होतं. खूप घाम येणाऱ्याने साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी किंवा मीठ घातलेलं ताक न्यावं. दारूने घाम आणि लघवी दोन्ही वाढतात, तोलही जातो. आणि जायच्या आधी ठाण्यातली मामलेदारची झणझणीत मिसळ खाऊ नका. तिखटाने तोंडाला कळतं की अंग तापलंय, आणि घाम तिथूनच सुरू होतो. लसणाच्या चटणीबद्दल तर बोलतच नाही.

खाली प्रतिक्रियांत कुणीतरी गरब्याचं विचारलंय. नवरात्र बहुतेकदा ऑक्टोबर हीटच्या सुमारासच येतं, मैदान उघडं असलं तरी घागरा आरशांचा आणि घेर मोठा. घागऱ्याखाली सुती सायकलिंग शॉर्ट्स घाला, मांड्या घासत नाहीत. बाकी सगळं वरचंच.

एक गंभीर गोष्ट. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं सुरू झालं की नाच तिथेच थांबवा, थंड जागी आडवं होऊन पाय वर करा, घोट घोट पाणी घ्या. कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर १०८ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी व वारा. रक्तदाबासाठी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तसंच नाचत नसतानाही, एसीत बसूनही तळहात टपकत असतील तर तो कपड्यांचा प्रश्न नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे त्यावर उपचार असतात.

घरी आल्यावर कितीही वाजले असोत, पिशवीतले शर्ट बाहेर काढून पाण्यात टाका. सकाळी उलटे करून धुवा, ड्रायफिटला कंडिशनर लावू नका, त्याचा थर बसतो आणि कापड पाणी ओढेनासं होतं. पावसाळ्यात घरात वाळवलेल्या शर्टाला कुबट वास राहिला असेल तर तो सोशलला नेऊ नका. अंग तापलं की तो वास सगळ्यात आधी तुमच्या पार्टनरला येतो.