दीड सेंटीमीटरची गाठ पसरली आणि चार सेंटीमीटरची बरी झाली, असं कसं? २१ जनुकांची टेस्ट करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावशींची स्तनातली गाठ दीड सेंटीमीटरची, काखेतले नोड (लसिका ग्रंथी) स्वच्छ, म्हणजे पहिली स्टेज, तरी दोन वर्षांत कॅन्सर फुप्फुसात गेला. शेजारच्या काकूंची गाठ चार सेंटीमीटरची होती, त्या नऊ वर्षं ठणठणीत आहेत. मावशींची गाठ बायोप्सी न करता थेट काढली होती आणि रिपोर्टात ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हार्मोनचे रिसेप्टर), हर-टू (पेशींची वाढ चेतवणारं प्रथिन) २+ असं लिहिलंय, म्हणून तुम्ही 'ट्रिपल निगेटिव्ह', म्हणजे तिन्ही निगेटिव्ह, धरलंय. आता आईलाही गाठ निघाली आहे, तर २१ जनुकांची टेस्ट (केमो लागेल का हे सांगणारी) करावी का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. जनुकांकडे नंतर येते. आधी त्या '२+' बद्दल, कारण ते वाचूनच लिहायला बसले.

हर-टू २+ म्हणजे निगेटिव्ह नाही आणि पॉझिटिव्हही नाही. ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे 'ठरत नाही, फिश करा'. फिशमध्ये १७ नंबरच्या क्रोमोसोमवरच्या हर-टू जनुकाच्या प्रती मोजतात. हर-टू आणि क्रोमोसोमच्या खुणेचं गुणोत्तर २ किंवा जास्त आणि पेशीमागे सरासरी ४ किंवा जास्त प्रती असल्या, की ती गाठ हर-टू पॉझिटिव्ह. अशा बाईला ट्रास्टुझुमॅब (हर-टूवर नेम धरणारं औषध) मिळायला हवं. मावशींचा फिशचा रिपोर्ट तुम्ही दिलेल्या कागदांत नाही. तो झालाच नसेल, तर तुम्ही 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणताय ते सिद्ध झालेलं नाही. दोन वर्षांत फुप्फुसात जाणं हे हर-टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह, दोघांनाही शोभतं.

आजही उशीर झालेला नाही. मूळ गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागवा आणि फिश करून घ्या. फुप्फुसातल्या गाठीची बायोप्सी शक्य असेल तर तीही करा आणि तिच्यावर ईआर, पीआर, हर-टू पुन्हा करा, कारण पसरलेल्या जागी हे बदललेले सापडतात. फिश निगेटिव्ह आलं तरी २+ फुकट जात नाही. २०२२ च्या डेस्टिनी-ब्रेस्ट०४ चाचणीनंतर पसरलेल्या 'हर-टू लो' (१+, किंवा २+ पण फिश निगेटिव्ह) कॅन्सरमध्ये, एखादी केमो होऊन गेली असेल तर, ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन देता येतं. महाग आहे, पण ऑन्कोलॉजिस्टला विचारायलाच हवं.

आता ईआर निगेटिव्ह. तो तरी खरा का? अख्खी गाठ किंवा अख्खा स्तन काढला की रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी सडायला लागतात. काढलेला नमुना तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणारं द्रावण) पडायला हवा, नमुन्याच्या निदान दहापट फॉर्मलिन हवं, आणि त्यात तो ६ ते ७२ तास राहायला हवा. फॉर्मलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं. म्हणजे कडांना शाई लावून पाच ते दहा मिलिमीटरचे काप पाडून मगच बुडवायचं, नाहीतर बाहेरचा थर पक्का होतो आणि आत मधोमध असलेली गाठ तशीच कुजत राहते. प्रत्यक्षात काय होतं? शुक्रवारी संध्याकाळी ऑपरेशन. स्पेसिमेन न कापता छोट्या डब्यात कोंबलेला, वर चार बोटं फॉर्मलिन, कधी नुसतं सलाइन. डबा नातेवाइकांच्या हातात, 'लॅबला नेऊन द्या'. लॅब उघडते सोमवारी. अशा पेशींवर ईआरचा रंग चढत नाही आणि रिपोर्टात 'निगेटिव्ह' छापलं जातं.

हे ओळखायची खूण स्लाइडवरच असते. गाठीच्या शेजारी निरोगी दुग्धनलिका असतात आणि त्यांच्या काही पेशींवर ईआर चढतोच. त्याही कोऱ्या असतील, तर रिपोर्ट निगेटिव्ह नाही, रद्द आहे. 'इंटर्नल कंट्रोल' (याच निरोगी नलिका) पॉझिटिव्ह होता का, हे लेखी विचारा. ग्रेड १ (पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसणारी), ट्युब्युलर, म्युसिनस किंवा नेहमीच्या लोब्युलर अशा सहसा ईआर पॉझिटिव्ह असणाऱ्या गाठीत ईआर निगेटिव्ह आला, तर दुसऱ्या ब्लॉकवर करून घेतल्याशिवाय मी तरी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून 'आधी सुई नको, डॉक्टर, डायरेक्ट काढूनच टाका' या हट्टाचा मला राग येतो. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही समजूत इतकी घट्ट आहे की शिकलेली माणसंही ती सांगतात, आणि काही सर्जन ती खोडून न काढता ऑपरेशनची तारीख देतात. १४ गेजच्या सुईने सोनोग्राफीखाली चार-पाच तुकडे घेतले की ते पातळ असल्यामुळे नीट पक्के होतात आणि ईआर, हर-टू भरवशाचे येतात. फक्त 'आजच रिपोर्ट द्या' म्हणू नका, सहा तास फॉर्मलिन त्यालाही लागतं. आणि आईची गाठ दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी किंवा काखेत गेलेली निघाली आणि हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह असली, तर औषधं आधी आणि ऑपरेशन नंतर. गाठ पूर्ण विरघळली का, हे तेव्हाच कळतं, आणि उरली तर पुढचं औषध बदलता येतं: हर-टूमध्ये टी-डीएम१, ट्रिपल निगेटिव्हमध्ये कॅपेसिटाबिन. गाठ आधीच काढून टाकली की ही परीक्षाच होत नाही. औषधं सुरू करण्याआधी गाठीत क्लिप (धातूची बारीक खूण) बसवून घ्या, विरघळल्यावर सर्जनला जागा सापडायला हवी.

आकाराचं कोडं. २००० साली चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी गाठींमधल्या हजारो जनुकांची सक्रियता मोजली, तेव्हा गाठींची घराणी वेगळी पडली: ईआरवाली ल्युमिनल, हर-टूवाली, बेसल. पुढे ल्युमिनलचे ए आणि बी झाले. आकार सांगतो गाठ किती वाढली, घराणं सांगतं ती काय करणार. बेसलमध्ये (बहुतेक ट्रिपल निगेटिव्ह गाठी याच घराण्यातल्या) पेशी विभागणारी जनुकं जोरात आणि ईआर गप्प. ती उलटली (पुन्हा आली) तर बहुतेकदा पहिल्या तीन-पाच वर्षांत, नंतर धोका झपाट्याने उतरतो. ल्युमिनल ए सावकाश चालते, पण थांबत नाही. २०१७ च्या मोठ्या विश्लेषणात, पाच वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेतलेल्या आणि नोड स्वच्छ असलेल्या लहान गाठींमध्येही ५ ते २० वर्षांच्या काळात दूरवर उलटण्याचं प्रमाण १३ टक्के होतं. तेव्हा काकू ट्रिपल निगेटिव्ह असतील तर नऊ वर्षं म्हणजे जवळजवळ पार पडल्या. ईआर पॉझिटिव्ह असतील तर तपासण्या सोडू नका म्हणावं.

२१ जनुकांची टेस्ट: आईची गाठ ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि नोड शून्य ते तीन असेल तरच. बाकी प्रकारांत पैसे घालवू नका. २१ पैकी ५ जनुकं तुलनेपुरती, उरलेल्या १६ मध्ये सगळ्यात जास्त वजन पेशी विभागणाऱ्या पाचांना. ग्रेड १, लहान गाठ, की-६७ (विभागणाऱ्या पेशींची टक्केवारी) पाचच्या आत असेल तर केमो नको हे टेस्टविनाही दिसतं. ग्रेड ३, ईआर फिका, की-६७ तीसच्या वर असेल तर बहुधा उलट. मधल्यांसाठी ती खरी कामाची. याच टेस्टवरच्या टेलर-एक्स चाचणीत नोड स्वच्छ असताना ११ ते २५ स्कोअरला (० ते १०० पैकी) केमोने फरक पडला नाही, पण पन्नाशीच्या आतल्या बायकांना १६ पासून पुढे थोडा पडला. नोड १ ते ३ असतील तर पाळी गेलेल्यांना २५ पर्यंत केमोचा फायदा दिसला नाही, पाळी चालू असलेल्यांना दिसला. ब्लॉक निवडताना आधीच्या बायोप्सीची जखम असलेला भाग टाळायला सांगा, तिथल्या भरून येणाऱ्या पेशींमुळे स्कोअर खोटा वाढू शकतो. बंगळुरूची कॅनअसिस्ट ही टेस्ट जनुकांऐवजी पाच प्रथिनं मोजते, ती स्वस्त पडते, ऑन्कोलॉजिस्टशी बोला.

आणि हो, यावरून स्टेजला अर्थ नाही असं समजू नका. त्याच घराण्याची लहान गाठ मोठीपेक्षा केव्हाही बरी, आणि नोडची संख्या प्रत्येक घराण्यात मोजली जाते. शिवाय टेलर-एक्समधल्या बायका बहुतांश गोऱ्या होत्या. आपल्याकडे कॅन्सर कमी वयात येतो आणि ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाणही जास्त आहे, म्हणून स्कोअरचा आकडा वय आणि पाळी पाहूनच वाचायचा.